वर्खामागचे प्रोटॉन : लेसरने घडवलेल्या झोताच्या गुणवत्तेचा इतिहास

लेसरच्या साहाय्याने प्रोटॉन अमुक ऊर्जेपर्यंत नेण्यात शास्त्रज्ञांना यश आले, आता कर्करोगावरील प्रोटॉन उपचार स्वस्त होणार आणि भलीमोठी यंत्रे जाऊन एका खोलीत मावणारी यंत्रे येणार, अशा आशयाची बातमी गेली दोन दशके ठरावीक काळाने परत येते. बातमीतील आकडा बहुधा खरा असतो. त्यापुढचे भाकीत मात्र आजवर खरे ठरलेले नाही. हे अंतर का पडते, हे समजून घ्यायचे असेल तर केवळ ऊर्जेचा आकडा पाहून चालत नाही. झोताची गुणवत्ता पाहावी लागते. आजचा हा दीर्घ लेख त्या गुणवत्तेच्या इतिहासाविषयी आहे. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आणि विज्ञानाच्या बातम्या आवडीने वाचणाऱ्यांना तो उपयोगी पडावा, एवढीच अपेक्षा.

प्रोटॉनच का?

मी बंगळूरच्या दक्षिण टोकाला, बोम्मसंद्रा येथे राहतो. होसूर रस्त्यालगतची ही औद्योगिक वसाहत औषधनिर्मितीसाठी जशी ओळखली जाते, तशीच मोठ्या रुग्णालयांसाठीही. २००९ साली येथे मजूमदार शॉ कर्करोग केंद्र उभे राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका थेट बोम्मसंद्र्यापर्यंत आली. त्या गाडीत हातात फायली घेतलेले रुग्णांचे नातेवाईक नेहमी दिसतात. देशातील बहुतेक कर्करोग केंद्रांत किरणोपचार होतात ते क्ष-किरणांनी. यंत्रात इलेक्ट्रॉन प्रवेगित केले जातात, ते जड धातूवर आदळतात आणि त्यातून निघणारे क्ष-किरण गाठीवर रोखले जातात. पद्धत परिणामकारक आहे, पण क्ष-किरण गाठीपाशी थांबत नाहीत. वाटेतल्या निरोगी पेशींना ते काही ऊर्जा देतात आणि गाठ ओलांडून पलीकडेही जातात.

प्रोटॉनांचे वागणे निराळे असते. विल्यम हेन्री ब्रॅग यांनी १९०४ साली ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे रिचर्ड क्लीमन या साहाय्यकासह अल्फा कणांवर प्रयोग केले. विद्युत्भारित कण पदार्थातून जाताना आरंभी थोडी थोडी ऊर्जा गमावतो आणि थांबण्याच्या अगदी अलीकडे बरीचशी ऊर्जा एकदम ओततो, असे त्यांना आढळले. आलेखावर या जागी टोकदार शिखर दिसते. आज आपण त्याला ‘ब्रॅग शिखर’ म्हणतो. १९४६ साली रॉबर्ट विल्सन यांनी ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात एक लेख लिहून सुचवले की, प्रोटॉनांचे हे शिखर नेमके गाठीवर आणता येईल आणि पलीकडचा भाग सुरक्षित राहील. अणुबाँबच्या प्रकल्पातून नुकत्याच बाहेर पडलेल्या या भौतिकशास्त्रज्ञाने पुढे फर्मीलॅब उभारली. त्यांच्या सूचनेनंतर आठ वर्षांनी, १९५४ मध्ये, बर्कली येथे पहिल्या रुग्णांवर प्रोटॉन झोताचा उपयोग झाला. रुग्णालयातच उभारलेले पहिले प्रोटॉन केंद्र मात्र १९९० साली कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे सुरू झाले. कल्पना आणि रुग्णालय यांच्यात चव्वेचाळीस वर्षे गेली. ही संख्या वाचकांनी लक्षात ठेवावी.

भारतात चेन्नईचे अपोलो प्रोटॉन केंद्र २०१९ मध्ये सुरू झाले. नवी मुंबईतील खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ परिसरातील सार्वजनिक केंद्र मे २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. तेथे रुग्णांवर उपचार त्याच वर्षी सुरू झाले. खारघरच्या केंद्रात ज्या जातीचा सायक्लोट्रॉन आहे, त्याचे वजन सुमारे २२० टन असते आणि तो प्रोटॉनांना २३० एमईव्ही, म्हणजे २३ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा देतो. झोत कोणत्याही कोनातून रुग्णाकडे वळवता यावा म्हणून जे फिरते सांगाडे लागतात, तेही प्रत्येकी शंभर टनांच्या घरातले. भोवती जाड काँक्रीटच्या भिंती उभाराव्या लागतात. खर्च कोठून येतो, हे येथे उघड होते. बोम्मसंद्र्याला उपचार घेणाऱ्या एखाद्या मुलाला प्रोटॉनांची गरज भासली, तर त्याच्या पालकांना चेन्नईची किंवा मुंबईची वाट धरावी लागते. यंत्र लहान करता आले तर ही वाट कदाचित टळेल. लेसरने प्रोटॉन प्रवेगित करण्याच्या संशोधनाकडे समाजाचे लक्ष लागले आहे ते या आशेमुळे.

ट्रॉम्बे, इंदूर आणि एक फार लांब धागा

थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी पहिला लेसर चालवून दाखवला. १९६४ मध्ये ट्रॉम्बे येथील अणुऊर्जा आस्थापनेत गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झाला होता. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रातील लेसर विभागाची धुरा दिलीप भवाळकर यांच्याकडे आली. सागर येथे जन्मलेले आणि साउथॅम्प्टन विद्यापीठात पीएच.डी. केलेले भवाळकर १९६७ मध्ये ट्रॉम्बेत रुजू झाले होते. १९८४ साली इंदूरला ज्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसवण्यात आली, त्याचे ते संस्थापक संचालक. ती संस्था आज राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र या नावाने ओळखली जाते. लेसर आणि प्रवेगक ही दोन क्षेत्रे एकाच आवारात नांदावीत, अशी तिची मूळ रचनाच आहे. प्रस्तुत विषयासाठी त्याहून योग्य जोडी सापडणे कठीण.

लेसरची शक्ती वाढवण्यात त्या काळी एक मोठी अडचण होती. स्पंद जसजसा तीव्र होई, तसतसा तो वर्धकाच्या काचेलाच इजा करी. १९८५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे जेरार मुरू आणि त्यांची विद्यार्थिनी डोना स्ट्रिकलंड यांनी त्यावर तोड काढली. लहानसा स्पंद सुमारे १.४ किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूतून पाठवून त्यांनी तो कालमानात ताणला. ताणल्यामुळे त्याची तीव्रता उतरली, म्हणून तो निर्धोकपणे वाढवता आला. शेवटी जाळीच्या साहाय्याने तो पुन्हा आक्रसून घेतला. या युक्तीमुळे पुढील पंधरा वर्षांत एका चौरस सेंटिमीटरवर १०²⁰ वॉट इतकी तीव्रता गाठणे शक्य झाले. भर दुपारचे ऊन याच क्षेत्रफळावर एक दशांश वॉट देते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचा काहीसा अंदाज येईल. स्ट्रिकलंड यांचा तो पहिला शोधनिबंध होता. २०१८ मध्ये त्याच कामासाठी दोघांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

सोन्याच्या वर्खातून हायड्रोजन

२००० साली तीन प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी वृत्त दिले. अमेरिकेतील लिव्हरमोर आणि मिशिगन विद्यापीठ, तसेच ब्रिटनमधील रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळा. अतितीव्र लेसर स्पंद पातळ वर्खावर रोखला असता वर्खाच्या मागून प्रोटॉनांचा झोत निघतो, असे तिन्ही ठिकाणी दिसले. लिव्हरमोरचा लेसर सर्वांत बलाढ्य होता. एका स्पंदात शेकडो जूल ऊर्जा, आणि मिळालेल्या प्रोटॉनांची कमाल ऊर्जा ५८ एमईव्ही. झोतातील प्रोटॉनांची संख्या १०¹³ च्या घरात.

वर्ख सोन्याचा असला तरी प्रोटॉन निघत. सोन्यात हायड्रोजन कोठून आला? उत्तर साधे होते आणि थोडे ओशाळवाणेही. निर्वात पोकळी कितीही चांगली असली तरी वर्खावर बाष्पाचा आणि पंपातील तेलाचा सूक्ष्म थर साचतोच. प्रोटॉन त्या मळातून येत होते. म्हणजे जगातील सर्वांत तीव्र प्रकाश वापरून मिळवलेला झोत पत्र्यावरच्या मळाच्या भरवशावर चालला होता.

मग वाद उपस्थित झाला, की हे प्रोटॉन वर्खाच्या पुढील बाजूचे की मागील बाजूचे? लिव्हरमोरच्या गटाने मागील बाजूचा पुरस्कार केला आणि स्कॉट विल्क्स व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याचा सिद्धान्त मांडला. लेसर पुढील पृष्ठावरील इलेक्ट्रॉनांना प्रकाशाच्या वेगाजवळ नेतो. ते वर्ख भेदून मागे बाहेर पडू पाहतात, पण मागे राहिलेला धनभार त्यांना खेचून धरतो. परिणामी मागील पृष्ठाला लगटून इलेक्ट्रॉनांचे पातळ आवरण तयार होते. या आवरणात एका मायक्रोमीटरला काही दशलक्ष व्होल्ट, म्हणजे मीटरला १०¹² व्होल्ट इतके विद्युत्क्षेत्र असते. नेहमीच्या प्रवेगकात ठिणगी पडण्याच्या भीतीने मीटरला काही कोटी व्होल्टांच्या फार पुढे जाता येत नाही. पृष्ठावर बसलेल्या हायड्रोजनच्या अणूंतील इलेक्ट्रॉन हे क्षेत्र उपटून काढते आणि सर्वांत हलके असलेले प्रोटॉन आघाडीवर सुटतात. २००४ मध्ये एका गटाने सोन्याच्या वर्खाची मागील बाजू आयनांच्या माऱ्याने खरवडून स्वच्छ केली, तेव्हा उच्च ऊर्जेचे प्रोटॉन नाहीसे झाले. वादाचा निकाल त्या प्रयोगाने लागला.

गुणवत्ता म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या झोतात उणीव कोणती होती?

पहिली उणीव ऊर्जाविस्ताराची. आवरणातील क्षेत्र सर्वत्र सारखे नसते आणि काळानुसार ते ओसरते. त्यामुळे थोड्या ऊर्जेचे प्रोटॉन पुष्कळ, जास्त ऊर्जेचे कमी आणि कमाल ऊर्जेचे अगदी मोजके, असा उतरता आलेख मिळतो. ‘५८ एमईव्ही’ हा आकडा त्या आलेखाच्या टोकाचा आहे. उपचारात याचा अर्थ काय होतो, ते पाहा. १५० एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यात सुमारे १६ सेंटिमीटर जातो. ऊर्जेत दहा टक्के फरक पडला, तर पल्ल्यात अडीच सेंटिमीटरांहून अधिक फरक पडतो. गाठ मज्जारज्जूला लागून असेल, तर या अडीच सेंटिमीटरांत काय येते, हे वेगळे सांगायला नको. उपचारात संपूर्ण गाठ व्यापण्यासाठी निरनिराळ्या ऊर्जांचे थर रचतात, हे खरे. पण ते थर वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाने ठरवलेले असतात, यंत्राने परस्पर दिलेले नव्हेत.

दुसरी उणीव फैलावाची. झोत वर्खातून निघताच वीस-वीस अंशांच्या शंकूत पसरतो. मीटरभर अंतरावर ठेवलेल्या लहान छिद्रातून त्याचा किरकोळ अंशच जातो.

तिसरी उणीव सातत्याची. लेसर स्पंदाच्या आधी काही पिकोसेकंद किंवा नॅनोसेकंद मंद प्रकाशाची चाहूल येते. मुख्य स्पंदाच्या दशलक्षांश तीव्रतेची ही चाहूलसुद्धा पातळ वर्ख आधीच वितळवायला पुरेशी ठरते. ती दर वेळी थोडी वेगळी असल्यामुळे एका स्पंदाचा झोत दुसऱ्यासारखा नसतो.

चौथी उणीव गतीची. लिव्हरमोरसारख्या लेसरला दोन स्पंदांच्या दरम्यान निवायला तास लागत. शिवाय प्रत्येक स्पंदाने वर्खाला भोक पडते, म्हणून दर वेळी नवा वर्ख पुढे आणावा लागतो.

एका बाबतीत मात्र हा झोत पारंपरिक यंत्रांच्या पुढे होता. कोवन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की, प्रोटॉनांच्या मार्गक्रमणात कमालीची शिस्त आहे. झोत पसरतो खरा, पण कोणता प्रोटॉन कोठून निघून कोणत्या दिशेने जाणार, हे जवळजवळ ठरलेले असते. प्रवेगकांच्या भाषेत, त्याची ‘एमिटन्स’ पारंपरिक यंत्रांच्या तुलनेत शंभरपट सरस होती. पसरणाऱ्या पण शिस्तबद्ध झोताला भिंगाने पुन्हा एकत्र आणता येते, बेशिस्त झोताला नाही. या एका गुणामुळे पुढची सारी खटपट सार्थ ठरली.

सुधारणेचे प्रयत्न

२००६ हे वर्ष महत्त्वाचे. जर्मनीतील येना येथील गटाने टायटॅनियमच्या वर्खाच्या पाठीवर प्लास्टिकचे वीस मायक्रोमीटर बाजूचे ठिपके बसवले. आवरणाच्या मधल्या, सर्वाधिक सपाट भागातूनच प्रोटॉन निघावेत, असा त्यामागचा विचार होता. आलेखात प्रथमच शिखर दिसले, पण ते जेमतेम १.२ एमईव्हीला होते. लॉस ॲलामॉसच्या गटाने कार्बनच्या आयनांबाबत तसेच यश मिळवले. दोन्ही निबंध ‘नेचर’च्या एकाच अंकात आले. त्याच वर्षी आणखी एका गटाने लहानशा पोकळ नळकांड्यावर दुसरा लेसर स्पंद टाकून क्षणभर टिकणारे भिंग बनवले आणि त्यातून जाणारा झोत एकत्र आणला.

दुसरी वाट होती वर्खच सोडून देण्याची. २०११ मध्ये ब्रूकहेवन येथे आणि २०१२ मध्ये लॉस एंजेलिस येथे कार्बन डायऑक्साइड लेसरने हायड्रोजन वायूच्या फवाऱ्यावर प्रयोग झाले. प्लाझ्मात उठलेली आघातलहर प्रोटॉनांना भिंतीने चेंडू टोलवावा तशी पुढे ढकलते. लॉस एंजेलिसमध्ये २० एमईव्हीच्या आसपासचे प्रोटॉन अवघ्या एका टक्क्याच्या ऊर्जाविस्ताराने मिळाले. त्यांची संख्या मात्र फारच अल्प होती. एक गुण साधावा तर दुसरा निसटावा, असा या क्षेत्राचा स्वभावच आहे.

२०१६ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील सत्यब्रत कर आणि सहकाऱ्यांनी वर्खाच्या मागे तारेचे बारीक वेटोळे जोडले. लेसरच्या आघाताने वर्खातून विद्युत्स्पंद निघतो आणि तारेतून धावतो. वेटोळ्याचा आकार असा निवडला, की हा स्पंद आतून जाणाऱ्या प्रोटॉनांच्या बरोबरीने पुढे सरकेल. तो त्यांना एकाच वेळी आवरतो, निवडतो आणि आणखी वेगही देतो. ज्या स्पंदाकडे तोवर निव्वळ उपद्रव म्हणून पाहिले जात होते, त्याला येथे कामाला जुंपले गेले.

भारतातील धागा

या इतिहासात भारताचा वाटा कोणता, असे विद्यार्थी विचारतात. उत्तरासाठी १९७० पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी प्रिन्स्टन येथे काम करणारे तरुण भारतीय शास्त्रज्ञ प्रेधिमान काव आणि जॉन डॉसन यांनी एक सैद्धान्तिक निबंध लिहिला. घन प्लाझ्मा प्रकाशाला अडवतो. परंतु प्रकाश इतका तीव्र असेल की इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ जातील, तर सापेक्षतेच्या नियमानुसार ते ‘जड’ होतात आणि प्लाझ्माची आंदोलने मंदावतात. तसे झाले की अपारदर्शक प्लाझ्मा पारदर्शक होतो. त्या काळी एवढा तीव्र लेसर कोठेच नव्हता. काव भारतात परतले आणि अहमदाबादच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक झाले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या त्या निबंधाचे पुढे काय झाले, ते थोड्या वेळाने सांगतो.

प्रयोगांचे केंद्र होते मुंबई. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये प्रथम बंगळूरमध्येच, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात, सुरू झाली होती आणि वर्षअखेर मुंबईला गेली. तेथील जी. रवींद्र कुमार यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये काव आणि सहकाऱ्यांसमवेत लेसरच्या आघाताने प्लाझ्मात उठणारे प्रचंड, कोट्यवधी गॉसचे, क्षणजीवी चुंबकीय क्षेत्र मोजले. त्याच गटाने २०१२ मध्ये या चुंबकीय क्षेत्रांतील खळबळ प्रत्यक्ष टिपली. वरवर पाहता याचा प्रोटॉनांशी संबंध दिसत नाही. पण प्रोटॉनांना ढकलणारे आवरण इलेक्ट्रॉनांचे असते आणि हे इलेक्ट्रॉन वर्खातून जाताना चुंबकीय खळबळीमुळे धाग्याधाग्यांत फुटतात. प्रवाह फुटला की आवरण खडबडीत होते आणि झोतावर डाग पडतात. म्हणजे प्रोटॉनांच्या गुणवत्तेचे मूळ इलेक्ट्रॉनांच्या प्रवासात आहे. त्याच वर्षी कुलाब्याच्या गटाने कार्बनच्या सूक्ष्म नलिकांचे उभे रान लक्ष्य म्हणून वापरले आणि त्यातून इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह न विस्कटता दूरवर नेता येतो, हे दाखवले. २०१३ मध्ये एम. कृष्णमूर्ती आणि सहकाऱ्यांनी एक वेगळेच यंत्र मांडले. लेसरने आर्गॉनच्या अणुपुंजांचा स्फोट घडवून, वेगवान आयनांना वाटेत इलेक्ट्रॉन परत देऊन, त्यांनी दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे उदासीन अणू मिळवले. इंदूरच्या केंद्रातही १५० टेरावॉट लेसरवर पातळ वर्खांतून प्रोटॉन आणि कार्बन आयन प्रवेगित करण्याचे काम चालत आले आहे.

कमाल ऊर्जेच्या शर्यतीत भारत अग्रभागी नाही, हे स्पष्टच आहे. पण गुणवत्तेचा पाया ज्या प्रक्रियांत आहे, त्यांच्या आकलनात येथील वाटा ठसठशीत आहे.

अलीकडची तीन पावले

२०२२ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथील गटाने लेसरजन्य प्रोटॉनांचा झोत प्रथमच सजीवातील गाठीवर मोजूनमापून वापरला. लक्ष्य होते उंदराच्या कानावर वाढवलेली मानवी गाठ. झोत एकत्र आणण्यासाठी त्यांनी क्षणभर प्रचंड विद्युत्प्रवाह सोडलेली चुंबकीय वेटोळी वापरली. बातम्यांनी ‘लेसरने गाठीवर उपचार’ असे मथळे दिले असते तरी नवल नव्हते. निबंधाचे खरे महत्त्व मात्र वेगळे होते. आठवडेच्या आठवडे हा झोत सारखाच राहिला आणि ठरवलेली मात्रा ठरवल्याप्रमाणे पोहोचली.

२०२४ मध्ये त्याच प्रयोगशाळेने १५० एमईव्हीचे प्रोटॉन मिळवल्याचे जाहीर केले. २००० सालच्या ५८ एमईव्हीसाठी शेकडो जूल लागले होते. येथे वर्खावर पडलेली लेसर ऊर्जा २२ जुलांच्या आसपास होती. हे घडले कसे? स्पंदाच्या चाहुलीने अतिशय पातळ प्लास्टिकचा वर्ख आधी थोडा फुलला. मुख्य स्पंद येताच त्यातील इलेक्ट्रॉन ‘जड’ झाले, वर्ख पारदर्शक बनला आणि प्रकाश त्याच्या पोटात शिरला. मग एकामागून एक अशा अनेक प्रक्रियांनी प्रोटॉनांना वेग दिला. काव आणि डॉसन यांनी १९७० मध्ये कागदावर मांडलेली सापेक्षतावादी पारदर्शकता चोपन्न वर्षांनी विक्रमाच्या मुळाशी होती.

तिसरे पाऊल २०२५ चे. स्लॅक, बेलफास्ट आणि ब्रिटनमधील इतर संस्थांच्या शास्त्रज्ञांनी वर्खाऐवजी वाहत्या पाण्याचा अतिशय पातळ पडदा वापरला. हेतू साधा होता. पाण्याला भोक पडले तरी पडदा आपोआप सांधतो, त्यामुळे सेकंदाला पाच स्पंद देता येतात. झाले भलतेच. पडद्याभोवती साचलेल्या बाष्पातून जाताना प्रोटॉनांच्या झोताने स्वतःचेच चुंबकीय क्षेत्र निर्माण केले आणि त्या क्षेत्राने झोत आवळून धरला. फैलाव वीस मिलिरेडियनांपर्यंत, म्हणजे सुमारे एका अंशापर्यंत उतरला. निर्वात पोकळीतील बाष्प हा प्रयोगकर्त्याचा जुना वैरी. येथे तोच भिंग ठरला. प्रोटॉनांची ऊर्जा काही एमईव्हीच होती, म्हणून हा विक्रम ठळक मथळ्यांत आला नाही. तरीही वर सांगितलेल्या चार उणिवांपैकी तिघींवर त्याने एकाच वेळी हात घातला.

आश्वासन आणि हिशेब

लेसरजन्य प्रोटॉनांनी उपचार करावेत, ही कल्पना २००२ पासून छापील स्वरूपात आहे. २००७ मध्ये उटे लिंट्झ आणि होसे अलोन्सो या दोन तज्ज्ञांनी थेट प्रश्न केला, की हे खरोखर साधण्यासाठी काय काय लागेल? त्यांनी ऊर्जा, ऊर्जाविस्तार, मात्रेवरचे नियंत्रण, सुरक्षितता या साऱ्यांचा हिशेब मांडला. २०१६ मध्ये त्यांनी तोच हिशेब पुन्हा तपासला, आणि रुग्णालय अजून दूर असल्याचा त्यांचा सूर कायम राहिला. मधल्या काळात पारंपरिक यंत्रेही स्वस्थ बसली नव्हती. अतिसंवाहक चुंबकांमुळे सायक्लोट्रॉन लहान झाले आणि एकाच खोलीची प्रोटॉन केंद्रे बाजारात आली. लेसरची स्पर्धा १९९० च्या यंत्राशी नाही, पुढे सरकत राहणाऱ्या यंत्राशी आहे.

मग हे संशोधन व्यर्थ का? मुळीच नाही. लेसरजन्य प्रोटॉनांचे स्पंद अत्यंत आखूड असतात. फारच थोड्या वेळात दिलेली मोठी मात्रा निरोगी पेशींना कमी इजा करते का, या जीवशास्त्रीय प्रश्नासाठी ते मोलाचे साधन आहेत. प्लाझ्मातील विद्युत्क्षेत्रांची छायाचित्रे घेण्यासाठी त्यांचा उपयोग दोन दशके होत आहे. उपचारांपर्यंत पोहोचण्याआधीच या झोताने अनेक ठिकाणी आपले काम सुरू केले आहे.

खोट्या आशेची किंमत मात्र कोणी तरी मोजत असते. बातमी वाचून ‘थोडे थांबावे, नवे यंत्र येईल’ असे एखाद्या कुटुंबाला वाटले आणि उपलब्ध असलेला चांगला उपचार लांबला, तर तो दोष प्रयोगशाळेचा नसतो. बातमी लिहिणाऱ्याचा आणि ती न तपासता पुढे पाठवणाऱ्याचा असतो. क्ष-किरणांचे उपचार आजही बहुसंख्य रुग्णांसाठी योग्य आहेत आणि निर्णय वैद्यांचाच आहे.

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी दिसली, तर ऊर्जेचा आकडा वाचून थांबू नका. चार प्रश्न विचारा. त्या ऊर्जेचे प्रोटॉन किती होते, आणि बाकीचे कोणत्या ऊर्जेचे? झोत किती पसरला? तोच झोत लागोपाठ किती वेळा मिळाला? आणि सेकंदाला किती वेळा? या चारही प्रश्नांना बातमीत उत्तर सापडले, तर ती मनापासून वाचा. न सापडले, तर मूळ निबंध काढा. आकडे बहुधा पहिल्या दोन आलेखांतच असतात.

विल्सन यांच्या लेखापासून पहिल्या प्रोटॉन रुग्णालयापर्यंत चव्वेचाळीस वर्षे गेली, हे वर सांगितले आहे. २००० पासून तितकीच वर्षे मोजली तर आपण २०४४ मध्ये पोहोचतो. आज पदार्थविज्ञानाच्या वर्गात बसलेले विद्यार्थी तेव्हा ऐन कर्तृत्वाच्या वयात असतील. पाण्याच्या पडद्याभोवतीच्या बाष्पात भिंग पाहणारी नजर त्यांच्यापैकी कोणाची तरी असावी. विषयातील शंका, विशेषतः पल्ला आणि ऊर्जाविस्तार यांच्या गणिताबद्दलच्या, खाली जरूर लिहा. वेळ मिळेल तशी उत्तरे देईन.